पांदणवाटा आणि सायकल

(बी. ए. तृतीय वर्ष, भूगोल)

सायकल म्हणजे गरिबाचे वाहन आणि कच्चा रस्ता म्हणजे मागासलेल्या भागाची खूण, अशी समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. घरात मोटारसायकल आली की सायकल गोठ्यात जाते आणि गावाला डांबर पोचले की पांदण विसरली जाते. परंतु जगात सध्या एक गमतीची गोष्ट घडते आहे. ज्या देशांत डांबरी रस्त्यांची मुळीच वाण नाही, तेथील माणसे मुद्दाम खडीचे, मातीचे, निवांत रस्ते हुडकून काढतात आणि त्यांवरून दिवसदिवस सायकल चालवतात. या प्रकाराला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. प्रस्तुत लेखात या खडीवरच्या सायकलीची ओळख करून द्यावी आणि वालूर-जिंतूर परिसरातील वाटा त्या दृष्टीने पाहाव्यात, असा विचार आहे.

खरे तर हा प्रकार नवा नाही. युरोपात सायकलच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा तिकडचे रस्तेही बव्हंशी कच्चेच होते. पुढे रस्ते गुळगुळीत झाले, सायकली हलक्या झाल्या, टायर बोटाएवढे अरुंद झाले आणि मातीची वाट मागे पडली. तिची आठवण पुन्हा जागी झाली ती अलीकडे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची २०० मैलांची शर्यत सुरू झाली. ती आज 'अनबाउंड' या नावाने ओळखली जाते. इटलीत २००७ पासून 'स्त्रादे बियांके', म्हणजे 'पांढरे रस्ते', या नावाची शर्यत भरते. २०२२ साली तर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने खडीवरच्या सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीतच घेतली. थोडक्यात, ज्या रस्त्याची आपण लाज बाळगतो त्याला तिकडे प्रतिष्ठा लाभली आहे.

आता ही सायकल असते तरी कशी? तिचे मर्म टायरमध्ये आहे. शर्यतीच्या जुन्या सायकलींचे टायर २३ मिलिमीटर रुंदीचे असत. खडीच्या सायकलीचे साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर असतात. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते. मग टायर दगडावर आपटून उडत नाही, तर दगडाला पोटात घेऊन पुढे जातो. आता आपल्या दूधवाल्याची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर '२८ × १½' असे छापलेले असते. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर! तिकडे मोठी किंमत देऊन मिळणारी टायरची रुंदी आपल्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

फरक आहे तो गिअर आणि ब्रेकचा. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे. पण चढावर मांड्या भरून येतात. खडीच्या सायकलीत पुढचे आणि मागचे दाते जवळजवळ समसमान करता येतात. मग एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच सरकते, पण चढ बसल्या बसल्या पार होतो. ब्रेकही रिमवर न लागता चाकाच्या मध्यावरील चकतीवर लागतात; त्यामुळे चाकाला चिखल लागला तरी ते सहसा दगा देत नाहीत. आपल्याजवळ ही साधने नसली तर काय करायचे? चढ आला की उतरायचे आणि हातात धरून चालायचे. त्यात कमीपणा कसला?

यापेक्षा महत्त्वाची आहे ती जमिनीची ओळख. आपला सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने घडलेला आहे. त्या काळ्या पाषाणाचे दोन अवतार आपण रोज पाहतो. पाषाण अर्धवट झिजला, कुजला की त्याचा मुरूम होतो. पूर्ण झिजून सखल भागात साठला की काळी माती होते. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून ती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम मात्र पाणी खाली जाऊ देतो. म्हणूनच पाऊस उघडल्यावर मुरमाड माळावरची वाट लवकर चालती होते आणि काळ्या रानातली वाट कित्येक दिवस बंद राहते. हे एकदा ध्यानात आले की वाट निवडणे सोपे जाते. पावसाळ्यात माथ्याची वाट धरावी, हिवाळ्यात रानाची.

वालूर हे सेलू तालुक्यातील गाव काळ्या रानात वसलेले आहे. तेथून जिंतूरच्या दिशेने जाऊ लागले की हळूहळू रंग पालटतो. काळी माती विरळ होते, तांबूस मुरूम वर येतो आणि पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे सपाट माथ्यांचे फाटे दिसू लागतात. हे डोंगर उंच नाहीत, गर्दीचेही नाहीत. गेल्या दोन हिवाळ्यांत मी आणि माझ्या मैत्रिणींनी या बाजूच्या वाटा तुकड्यातुकड्याने पाहिल्या. मला तीन दिशा सुचवाव्याशा वाटतात. पहिली नेमगिरीची. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर डोंगरात जैन लेणीमंदिरे आहेत. अगदी लहानशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथांची भव्य मूर्ती तेथेच आहे. दुसरी चारठाण्याची. जिंतूर-जालना रस्त्यावरील या गावात यादवकालीन शैलीची मंदिरे आणि एक देखणा कोरीव स्तंभ आहे. तिसरी येलदरीची. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. जलाशयाच्या कडेने हिवाळ्यात पाणपक्षी दिसतात. तिन्ही ठिकाणी डांबरी रस्त्याने जाता येते हे खरे. पण मुख्य रस्ता सोडून शिवाराशिवारांतून गेले तर भूगोलाच्या पुस्तकातील मुरूम, माळ, ओढा आणि खोरे हे शब्द पायाखाली येतात.

सुरुवात मात्र वालूरच्या बारवेपासून करावी. हिच्या पायऱ्या सरळ न उतरता चक्राकार वळत पाण्याकडे जातात. अशा रचनेच्या बारवा दुर्मीळ आहेत. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांच्या श्रमदानातून तिच्यातील गाळ व झुडपे निघाली आणि ती पुन्हा नजरेत भरू लागली. पूर्वी वाटसरूंची आणि गुराढोरांची तहान अशाच बारवा भागवीत. बारव दिसली की जवळून एखादी जुनी वाट जात असावी, असा माझा आपला एक ठोकताळा आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा हा नाद करू नये. सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे हे टायरचे खरे शत्रू. पंप, सोल्युशन आणि रबराचे तुकडे पिशवीत हवेतच. काळा चिखल मडगार्डमध्ये थापला की चाक फिरेनासे होते. तो काढायला एक काटकी पुरते. मेंढरांच्या कळपाजवळ खाली उतरावे, म्हणजे धनगरांची कुत्री अंगावर येत नाहीत. उभ्या पिकातून चाक घालू नये. आणि वाटेत भेटेल त्याला 'राम राम' घालावा; पुढची वाट तोच सांगतो.

परंतु हा सारा खटाटोप केवळ सहलीसाठी सांगत नाही. या वाटा आज आक्रसत चालल्या आहेत. गावनकाशात पायवाट सव्वाआठ फूट आणि गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीची धरलेली असते. हे आकडे विचित्र वाटतात. पण मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची होती, तिचा पाव भाग सव्वाआठ आणि निम्मा भाग साडेसोळा! प्रत्यक्षात मात्र दोन्ही बाजूंचे नांगर दरसाल वीतभर आत सरकतात आणि गाडीवाटेची पायवाट होते. कायदा आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून वाट मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार अडवलेली वाट मोकळी करून घेता येते. २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनाही आणली. पण ज्या वाटेने कोणी जातच नाही, तिच्यासाठी अर्ज तरी कोण करणार?

माझी एक वर्गमैत्रीण शेतवस्तीवर राहते. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळालेली सायकल तिच्याजवळ आहे. हिवाळ्यात ती वेळेवर वर्गात असते. श्रावण-भाद्रपदात मात्र तिची हजेरी तुटते, कारण एस. टी. च्या थांब्यापर्यंतची पांदण मधे एका ठिकाणी नांगरली गेली आहे आणि उरलेल्या पट्ट्यातून चपलाही निघत नाहीत. तिला डांबर नको आहे. वाटेची मूळ रुंदी, दोन्ही बाजूंना पाण्याला चर आणि वर मुरमाचा एक थर, एवढ्याने तिचे वर्ष सुरळीत जाईल. अशा मुली प्रत्येक वर्गात आहेत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे केवळ गैरहजेरीची फुली पडते, कारण लिहायला तेथे जागा नसते.

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण वालूर परिसरातील गावनकाशे मिळवावेत आणि सायकलींवरून त्यांतील एकेक पांदण फिरून पाहावी. कोणती वाट चालू आहे, कोणती कुठे अडली आहे, कोणती कोणत्या महिन्यात बंद पडते, कुठे काळी आहे आणि कुठे मुरूम, याची नोंद करावी. तो नकाशा ग्रामपंचायतीला द्यावा आणि एक प्रत आपल्या ग्रंथालयात ठेवावी. हौसेने फिरणाऱ्याला त्यातून सहलीच्या वाटा मिळतील आणि वस्तीवरच्या मुलीला अर्जासोबत जोडायला कागद मिळेल. या कामासाठी गिअरची सायकल लागत नाही. घरातली, गोठ्यात पडलेली सायकलही चालेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी सायकलीत हवा भरून ठेवावी आणि भूगोल विभागात आपले नाव नोंदवावे, ही विनंती.