शाळेच्या कारभारात पालकांचा सहभाग

प्राथमिक शाळेवर खर्च शासन करते; परंतु शाळा नियमित भरते का, मुले वाचू लागली का, हे सर्वप्रथम पालकांच्या लक्षात येते. ही माहिती शाळेच्या कारभारात उतरावी, या हेतूने १९९० च्या दशकात अनेक राज्यांत ग्राम शिक्षण समित्या स्थापन झाल्या.

१ एप्रिल २०१० रोजी अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ ने या सहभागाला वैधानिक आधार दिला. कलम २१ नुसार विनाअनुदानित खासगी शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व मिळावे आणि ५० टक्के सदस्य महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष आणि शाळा विकास आराखडा तयार करणे, ही समितीची प्रमुख कार्ये होत.

तथापि केवळ तरतुदीने सहभाग निर्माण होत नाही. सभेसाठी मजूर पालकाला दिवसाची मजुरी सोडावी लागते. लाभ मात्र सर्वच मुलांना मिळतो. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याने पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा करतो. सार्वजनिक वस्तूंबाबत आढळणारी ही परिचित अडचण आहे.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. समितीचे अधिकार समजावून देणाऱ्या ग्रामसभांमुळे पालकांचा शाळेतील सहभाग वा मुलांची प्रगती यांत लक्षणीय फरक पडला नाही. परंतु प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवकांनी चालविलेल्या वाचनवर्गांना जी मुले गेली, त्यांचे वाचन स्पष्टपणे सुधारले.

यावरून असे दिसते की, लोक वेळ देण्यास तयार असतात. मात्र काम निश्चित, आवाक्यातील आणि दृश्य फळ देणारे असावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘विद्यांजली २.०’ उपक्रमातही स्वयंसेवकांना शाळांच्या विशिष्ट गरजांशी जोडण्याची व्यवस्था आहे. सायंकाळी सभा घेणे, खर्चाचा तक्ता सोप्या भाषेत फलकावर लावणे आणि निरक्षर पालकांनाही करता येतील अशी कामे सोपविणे, हे अल्पखर्चिक उपाय आहेत. त्यांच्या अभावी समिती केवळ कागदावर राहण्याचा धोका असतो आणि त्याची किंमत अखेर मुलांनाच मोजावी लागते.