एक एकवीस अंकी संख्या आणि तिचे अवयव

बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट आपल्या घरांतून मुलांना सांगितली जाते. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. अशी चौसष्ट घरे भरता भरता राजाची कोठारे रिती होतात. त्या पटाला आणखी तीन घरे जोडली, तर एकूण दाणे होतील १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक. या संख्येने गणितज्ञांना अडीचशेहून अधिक वर्षे चकविले.

मेर्सेन नामक फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ साली एक यादी प्रसिद्ध केली. दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केला असता मूळ संख्या, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी संख्या, मिळते, याची ती यादी होती. तीत ६७ होता. सिद्धता मात्र नव्हती. घातांक स्वतः मूळ असला म्हणजे भागले, असेही नाही. ११ मूळ आहे, परंतु त्यापासून मिळणारी २०४७ ही संख्या २३ व ८९ यांचा गुणाकार आहे.

१८७६ साली एदुआर ल्यूका यांनी ६७ चा दावा खोटा ठरविला. मौज अशी, की त्या संख्येला कशाने भाग जातो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते! त्यांच्या कसोटीला लेमर यांनी १९३० साली दिलेले सुटसुटीत रूप असे : ४ चा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावेत, उरेल त्यास दिलेल्या संख्येने भागून बाकी ठेवावी, मग त्या बाकीवर पुन्हा तीच कृती. घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा हे केल्यावर शून्य उरले, तरच संख्या मूळ. घातांक ३ असता संख्या ७ येते. १६ वजा २ म्हणजे १४, सातांनी भाग गेला, काम संपले. ६७ साठी ही कृती ६५ वेळा करावी लागते, आणि शेवटी शून्य उरत नाही.

परंतु अवयव कोणते? तो असलाच तर १३४ च्या पटीत एक मिळवून येणारा असला पाहिजे, एवढा नियम हाती होता. तरीही लहान अवयव भेटतो तो १४,४५,५८० व्या पटीपाशी!

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूस त्यांनी दोनाचा घात काढून एक वजा केला. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार मांडला. उत्तरे जुळली. शब्दही न उच्चारता ते जागेवर बसले व टाळ्यांचा गजर झाला, असे ई. टी. बेल लिहितात. या शोधास तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी सांगितल्याचेही तेच नोंदवितात. बेल यांची लेखणी रंग भरणारी होती, हे ध्यानी ठेवूनच ही हकिकत वाचावी.

वाचकांना घरबसल्या नवांचा पडताळा घेता येईल. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ व ६४, गुणाकाराच्या अंकांची १०९; तिन्हींना नऊने भागता बाकी एकच. एवढ्याने गुणाकार सिद्ध होत नाही हे खरे; ज्यांना धीर असेल त्यांनी पुरता गुणाकार करावा. कागदावर तो तासाभरात व्हावा. संगणकास आज हे अवयव शोधून काढण्यासही क्षण पुरतो. मात्र शेकडो अंकी संख्यांपुढे तोही थकतो, आणि १९७७ साली निघालेली आर. एस. ए. ही गुप्तलेखनाची पद्धत त्याच थकव्यावर उभी आहे.

मेर्सेनच्या यादीत ६१ नव्हता. तो असावयास हवा होता, हे पेरवुशिन या रशियन धर्मगुरूंनी १८८३ साली दाखविले. त्यावरून, यादीतील ६७ हा ६१ च्या जागी चुकून छापला गेला असावा, असाही तर्क काही अभ्यासकांनी केला आहे.