बीएमआय नॉर्मल, मग ढेरी कुणाची?

ऑफिसच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट हातात आला आणि मी आधी बीएमआय बघितला. २४.३. पुढे छापलेलं : नॉर्मल. चला, सुटलो! त्या आनंदात कॅन्टीनमध्ये एक वडापाव जास्तच झाला.

संध्याकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, मग चष्म्यावरून माझं पोट बघितलं. ‘‘नॉर्मल? गोऱ्यांच्या हिशेबानं!’’

बीएमआय म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, बस्स. माझं वजन ७२, उंची १.७२, करा हिशेब. गंमत म्हणजे हे गणित कुणा डॉक्टरचं नाहीच. बेल्जियमच्या केटले या खगोलशास्त्रज्ञानं १८३२ मध्ये ते मांडलं. बीएमआय हे नाव पडलं १९७२ मध्ये. चरबी किती नि स्नायू किती, हे त्या आकड्याला कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या कोष्टकात २५ पासून जादा वजन, ३० पासून लठ्ठपणा. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी या रेषा २३ आणि २५ वर आणल्या.

असं का, ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्या जोडफोटोत दिसतं. २००४ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपलं हे असंच. हातपाय काटकुळे, माल सगळा पोटात. आणि डायबिटीसला हीच पोटातली चरबी आवडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये बीएमआय २५ किंवा जास्त असलेले पुरुष होते ९.३ टक्के, २०१९-२१ मध्ये २२.९. बायका १२.६ वरून २४. तेही २५ ची रेष धरून. माझ्यासारखे ‘नॉर्मल’ त्यात नाहीतच.

डॉक्टरांनी टेप काढली. बरगडी नि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. ९४ सेंटिमीटर. पुरुषांना ९०, बायकांना ८० ही मर्यादा.

‘‘पण डॉक्टर, पॅन्ट ३४ चीच लागते मला!’’

‘‘पोटाखाली घालतोस ती.’’

मग त्यांनी रिपोर्टचं दुसरं पान उलटलं. ते मी वाचलंच नव्हतं. उपाशीपोटीची साखर ११२. डायबिटीस नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. बाबांना शुगर निघाली तेव्हा ते ४६ चे होते. मी ३१ चा.

घरी येऊन बाबांना फोन लावला. ‘‘सकाळी फिरायला किती वाजता निघता हो तुम्ही?’’