मालिका पाहिल्यावर वाचलेली कादंबरी



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून रक्तपिपासू पिशाचांच्या प्रेमकथेवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण हा विषय मी शोधला नाही. तो आपणहून माझ्या घरी आला. माझी पुतणी चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून काम करते व आमच्याकडेच राहते. दुसरी पाळी करून ती मध्यरात्रीनंतर घरी येते आणि जेवता जेवता मोबाईलवर एक अमेरिकन मालिका पाहते. तिच्यासाठी जागणारा मी. मीही पाहू लागलो. मालिकेचे नाव ‘द व्हॅम्पायर डायरीज’. २००९ ते २०१७ या काळात तिचे आठ पर्वांत १७१ भाग झाले. व्हॅम्पायर म्हणजे मेल्यानंतरही हिंडणारे व माणसाच्या रक्तावर जगणारे पिशाच. स्टेफन आणि डेमन हे असे दोन भाऊ, आणि दोघांचाही जीव एलेना नावाच्या एकाच शाळकरी मुलीवर जडतो. कथेचा गाभा एवढाच.

मराठी वाचकाला हे पिशाच अगदी परके नाही. नारायण धारपांची ‘लुचाई’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल; ती स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर बेतलेली आहे. धारपांच्याच ‘ग्रहण’ या कादंबरीवरून २०१८ साली झी मराठीवर मालिकाही झाली. तेव्हा आधी पडद्यावर पाहावे आणि मागाहून पुस्तक हाती घ्यावे, हा अनुभव आपल्याकडेही घेता येतो.

मालिका संपली तेव्हा पुतणी म्हणाली, “काका, हिची मूळ कादंबरी आहे म्हणे. तुम्ही वाचा आणि मला सांगा ना.” माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याची पुस्तके शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना. त्याच शब्दकोशाच्या आधाराने ही कादंबरीही वाचली. लेखिका एल. जे. स्मिथ, पहिली तीन पुस्तके १९९१ सालची.

पाहतो तो काय, नावे तीच, पण माणसे निराळी! पडद्यावरची एलेना काळ्याभोर केसांची, आईबापांच्या मृत्यूने खचलेली, समंजस मुलगी. पुस्तकातली एलेना सोनेरी केसांची, शाळेत राणीसारखी मिरवणारी. स्टेफन आपल्याकडे पाहत नाही म्हणून त्याला जिंकण्याची प्रतिज्ञा करणारी. मालिकेत तिला जवळजवळ तिच्याच वयाचा भाऊ आहे, तर पुस्तकात चिमुकली बहीण. मालिकेतले दोघे भाऊ १८६४ साली, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात पिशाच झाले; पुस्तकातले इटलीतल्या फ्लॉरेन्सचे, त्याहून कितीतरी शतके जुने. गावाचे नावसुद्धा बदललेले आहे.

प्रथम मला राग आला. मग विचार केला की, मालिका हा एका माणसाचा उद्योग नव्हे. तिथे लेखकांचा ताफा असतो, नट असतात, दर आठवड्याला नवा भाग द्यावा लागतो. एका मुलीच्या मनातली घालमेल पुस्तक पानेच्या पाने सांगू शकते. १७१ भाग चालवायचे तर घटना लागतात, भांडणे लागतात, नवी पात्रे लागतात. म्हणून बदल झाला हा गुन्हा नव्हे. पण हा बदल कोणाच्या संमतीने झाला? या प्रश्नाचा मागोवा घेतला आणि कादंबरीपेक्षाही चटका लावणारी हकीकत हाती आली.

स्मिथबाईंनी ही पुस्तके स्वतःच्या मालकीने लिहिलीच नव्हती. पुस्तकांची कल्पना ठरवून लेखकांकडून लिहवून घेणाऱ्या एका कंपनीसाठी त्यांनी ती लिहिली होती. करारात शब्द होते ‘वर्क फॉर हायर’. या शब्दांचा अर्थ भोसरीच्या कोणत्याही वर्कशॉपवाल्याला विचारा. लेबर जॉबवर काम घेतले की माल पार्टीचा, ड्रॉइंग पार्टीचे. आपली फक्त मजुरी. तयार पार्टवर आपला हक्क नाही. त्याचप्रमाणे एलेना, स्टेफन, डेमन ही सारी माणसे कंपनीच्या मालकीची झाली. २०११ साली मालिका ऐन भरात असताना स्मिथबाईंना या पुस्तकांवरून दूर करण्यात आले. पुढची पुस्तके इतरांनी लिहिली. मुखपृष्ठावर नाव मात्र स्मिथबाईंचेच राहिले!

२०१३ साली अ‍ॅमेझॉनने एक सोय काढली. परवाना घेतलेल्या लोकप्रिय कथांवर चाहत्यांनी आपल्या गोष्टी लिहाव्यात व विकाव्यात, अशी. पुढे स्मिथबाईंनी त्या सोयीचा उपयोग केला आणि स्वतः जन्माला घातलेल्या पात्रांच्या गोष्टी ‘चाहती’ म्हणून लिहिल्या. २०२५ साली त्या वारल्या.

याच्या उलट उदाहरणही पिशाचकथेतलेच आहे. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ साली, जर्मनीत परवानगी न घेता, नावे बदलून, ‘नोस्फेराटू’ हा चित्रपट काढला गेला. स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला व १९२५ साली चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम मिळवला. काही प्रती वाचल्या, ही गोष्ट वेगळी. तिथे हक्क घरात होता. इथे तो सहीबरोबर गेला होता.

आपल्याकडे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्यास द्यायचा तर लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकल्यावरही कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल, तर लेखकाला कलम ५७ खाली दाद मागता येते. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाबाबत मन्नू भंडारी यांनी अशीच दाद मागितली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांचा हा हक्क मान्य केला. परंतु नोकरीचा भाग म्हणून लिहिले, तर वेगळा करार नसल्यास मालक हाच पहिला धनी.

हे सारे मी पुतणीला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग उठली आणि पेटीतून आपल्या नेमणुकीचा कागद घेऊन आली. म्हणाली, “काका, मी हा वाचलाच नाही. सगळ्यांनी सही केली, म्हणून मीही केली.” मी तिला रागावलो नाही. कोणत्या तोंडाने रागावणार? एकोणिसाव्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये लागताना मी कोऱ्या कागदावर सही केली होती, आणि वर्षभराने त्याच कागदावर माझा राजीनामा टाइप झालेला पाहिला होता. त्या दिवसापासून मी वाचायला शिकलो.

त्या रात्री आम्ही दोघांनी शब्दकोश मध्ये ठेवून तो कागद ओळीओळीने वाचला. दोन कलमे कळली नाहीत. ती विचारण्यासाठी तिने वहीत उतरवून घेतली. मग तिने माझ्याकडून कादंबरी मागून घेतली. सध्या ती तिसऱ्या प्रकरणात आहे आणि एलेना तिला मुळीच आवडलेली नाही.