विळ्याच्या आकाराचा वारसा

गडचिरोली-नंदुरबारकडच्या आरोग्य केंद्रांत दोन अक्षरजोड्या नेहमी कानावर पडतात: ‘एएस’ आणि ‘एसएस’. एएस म्हणजे सिकलसेलचा वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. रुग्णाच्या रक्तात ऑक्सिजन उतरला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अंग ठणकू लागतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही वाकलेली जेमतेम दोन-तीन आठवडे.

आणि या साऱ्याचं मूळ केवढंसं! हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं. डीएनएमध्ये तर एकच अक्षर फिरलेलं: ‘ए’च्या जागी ‘टी’.

उपचार नव्हते त्या काळात बहुतेक एसएस मुलं आईबाप होण्याच्या वयापर्यंत पोचतच नसत. मग हे अक्षर केव्हाच पुसलं जायला हवं होतं. ते टिकलं कसं?

टिकवलं मलेरियानं. एएस मुलांना जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं. वाहकाच्या पेशीत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही.

आता जरा हिशेब मांडून पाहू. प्रत्येक बाळाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक वडिलांकडून. समजा, एखाद्या वस्तीत दहा प्रतींमागे एक ‘एस’, म्हणजे बदललेली, आहे; बाकीच्या नऊ ‘ए’, म्हणजे नेहमीच्या (हा ‘ए’ डीएनएतलं अक्षर नव्हे). १०० बाळांमध्ये साधारण ८१ एए, १८ एएस आणि १ एसएस. एका बाळाच्या वाट्याला आजार, अठरांच्या अंगावर कवच! ‘एस’ दुर्मीळ असतो तोवर तो बहुतेक वाहकांतच असतो, म्हणून वाढतो. पण तो निम्म्यावर गेला, तर १०० तले २५ एसएस होतील आणि त्यांचे मृत्यू त्याला मागे खेचतील. या ओढाताणीत तराजू मध्येच कुठेतरी स्थिरावतो. निसर्गाची निवड चांगलं-वाईट जाणत नाही. या रानात, या डासांमध्ये कोण जगलं, एवढंच ती मोजते.

मलेरिया हटला की कवचाचं मोल संपतं; आजार मात्र उरतो. तरी ‘एस’ झटकन नाहीसा होत नाही. वरच्या हिशेबातल्या वीस ‘एस’ प्रतींपैकी अठरा धडधाकट वाहकांत सुखरूप असतात. म्हणून लग्नाआधीची रक्तचाचणी मोलाची: दोन एएस जोडीदारांच्या प्रत्येक बाळाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते.

पण चाचणीच्या कागदावर ‘एएस’ आलं, तर त्याची लाज कसली? त्या अक्षराच्या जोरावर कुणा खापरपणजीचं लेकरू तापातून उठून बसलं असेल, आणि म्हणूनच आज तो कागद हातात धरणारं कुणीतरी आहे.