कमावती तारामती

दुर्गा खोटे यांची ओळख करून द्यायची एक ठरीव पद्धत आहे. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, पांढऱ्या केसांची सोशिक आई आणि सिनेमात आलेली पहिली शिकलेली घरंदाज बाई. यातलं ‘पहिली’ तर खरंही नाही. शिकल्यासवरल्या मुली त्यांच्या आधीही पडद्यावर आल्या होत्या. १९२८च्या ‘शिराझ’मध्ये एनाक्षी रामाराव होत्याच. दुर्गाबाईंचं वेगळेपण मला घराण्यापेक्षा व्यवहारात जास्त दिसतं. नट-नट्या महिन्याच्या पगारावर एकेका कंपनीला बांधलेल्या असायच्या, त्या काळात ही बाई आज कोल्हापूर, उद्या कलकत्ता, परवा पुन्हा मुंबई अशी काम मिळेल तिथे जात होती, आणि तेही हौसेखातर नव्हे. घर चालवायचं होतं, मुलं वाढवायची होती.

जन्म १४ जानेवारी १९०५चा. माहेर लाडांचं. मूळ गोव्याचं हे कुटुंब गिरगावात कांदेवाडीत नांदत होतं. मोठं एकत्र घर, वडील पांडुरंग शामराव लाड सॉलिसिटर, मुलीचं शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्समध्ये. १९१०-२०च्या मुंबईत मराठी घरातल्या मुलीच्या वाट्याला इतकं येणं म्हणजे चैनच होती. कॉलेजात असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झालं. सासरही गडगंज. पण ही श्रीमंती काही वर्षांतच आटली. पदरी बकुळ आणि हरीन हे दोन लहान मुलगे. माहेरी हात पसरायचा नाही आणि सासरी ओझं होऊन राहायचं नाही, म्हणून दुर्गाबाई शिकवण्या करू लागल्या. पुढे तरुण वयातच वैधव्यही आलं.

शिकवण्यांतून असे किती पैसे मिळणार? त्यातच सिनेमाचं विचारणं आलं. मोहन भवनानी ‘फरेबी जाल’ हा चित्रपट करत होते. चित्रपट मूकच होता, पण बोलपटाची हवा सुरू झाल्यामुळे त्याला एक छोटा बोलका तुकडा जोडायचं घाटत होतं. त्यासाठी चांगलं बोलणारी, गाणारी मुलगी हवी होती. जे. बी. एच. वाडियांनी दुर्गाबाईंच्या बहिणीला, शालिनीला विचारलं. तिने स्वतः नकार दिला आणि बहिणीचं नाव पुढे केलं. काम जेमतेम दहा मिनिटांचं, गोष्ट काय आहे याचा पत्ता नाही. १९३१मध्ये चित्रपट लागला, जाहिरातीत बड्या घराण्याचं नाव मिरवलं गेलं आणि पडद्यावर जे दिसलं ते घरच्यांना मान खाली घालायला लावणारं होतं. गिरगावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. सिनेमाचा अध्याय तिथेच मिटायचा, पण तो भुक्कड चित्रपट पाहणाऱ्यांत व्ही. शांताराम होते. त्यांना पहिला बोलपट करायचा होता आणि तारामती सापडत नव्हती.

इथे जरा मागे जायला हवं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळाली नव्हती. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. त्यानंतर एकोणीस वर्षांनी शांतारामांच्या ‘प्रभात’ कंपनीने तीच कथा बोलपटासाठी निवडली. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट. फेब्रुवारी १९३२मध्ये तो लागला. साळुंक्यांच्या जागी आता कॅथेड्रलमध्ये शिकलेली, दोन मुलांची आई उभी होती.

हे काम किती अवघड होतं याची आज कल्पना येणं कठीण आहे. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचं, वाजवणाऱ्यांनी चौकटीबाहेर बसायचं आणि माइकपासून तोंड फार लांब जाऊ द्यायचं नाही. ओळ चुकली की चित्र आणि आवाज दोन्ही वाया. त्यातून चित्रपट दोन भाषांतला. मराठीत झालेला प्रसंग हिंदीत पुन्हा करायचा. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते, रंगभूमी आणि मैफल कोळून प्यायलेले. संगीतही त्यांचंच. गंगानाथाचं खलकाम बाबूराव पेंढारकरांकडे, नारद मास्टर विनायक. या मुरलेल्या मंडळींत ज्यांनी धड एकही भूमिका केली नव्हती त्या एकट्या दुर्गाबाई.

आज चित्रपट पाहताना एक गोष्ट लगेच जाणवते. टेंबे बोलतात तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायची नाटकवाल्याची सवय ऐकू येते. दुर्गाबाईंना ती सवयच नव्हती. त्या समोरच्या माणसाशी बोलतात. काशीच्या बाजारात तारामती विकली जाते त्या प्रसंगात रडायला, आक्रंदायला भरपूर वाव होता. पण त्या ताठ उभ्या राहतात आणि चेहरा आवरून धरतात. रंगभूमीचे संस्कार नसणं हे त्यांचं पहिलं भांडवल ठरलं, असं मला वाटतं. बोलपटाला कोणता आवाज लागतो हे कुणालाच नीटसं उमगलं नव्हतं, तेव्हा तो त्यांच्याकडे आयता होता. चित्रपट चालला आणि ‘फरेबी जाल’चा डाग कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

लगोलग ‘माया मच्छिंद्र’ आला. त्यात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या, जवळ पाळीव चित्ता बाळगणारी. आता ‘प्रभात’ची नायिका म्हणून तिथेच स्थिरावणं ही सरळ वाट होती. पगार बांधलेला, नाव मोठं, माणसं ओळखीची. पण दुर्गाबाईंनी कलकत्ता गाठलं. न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’त (१९३३) त्यांनी देवकी बोस यांच्याकडे काम केलं. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम आणि त्या सीता. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग पुन्हा ‘प्रभात’, जी एव्हाना कोल्हापूरहून पुण्याला आली होती.

असं फिरणं सोपं नव्हतं. कंपन्यांचे करार कडक असत. दुसरीकडे काम करायचं नाही ही अट त्यात ठरलेली. याच ‘प्रभात’च्या शांता आपटे यांनी १९३९मध्ये कराराच्या वादातून स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण केलं होतं, तेही कीर्तीच्या शिखरावर असताना. त्या पार्श्वभूमीवर दुर्गाबाईंनी एका कंपनीची कायमची चाकरी न पत्करता चित्रपटागणिक काम घेणं हे धाडसच होतं. भारतीय चित्रपटातल्या पहिल्या मुक्त कलाकारांत त्यांची गणना होते ती यामुळे. याची किंमतही होती. महिन्याच्या महिन्याला पैसे येण्याची हमी नाही आणि पाठीशी कंपनी नाही. मुलं शिकत होती, तरीही त्यांनी ही जोखीम घेतली. घराण्याच्या पुण्याईवर हे होत नाही. त्याला आपल्या कामाची किंमत माहीत असावी लागते.

१९३६चा ‘अमर ज्योति’ हे त्यांचं माझ्या मते सर्वांत मोठं काम. सौदामिनीला नवऱ्यापासून वेगळं व्हायचं आहे आणि मूल जवळ ठेवायचं आहे. कायदा म्हणतो, मुलावर हक्क बापाचा. बायको ही नवऱ्याची दासी. न्याय मागायला गेलेली ही बाई रिकाम्या हाताने परतते आणि समुद्रावर जाऊन चाच्यांची म्होरकी होते. राज्याचा मंत्री दुर्जय तिच्या तावडीत सापडतो, तेव्हा ती त्याचा पाय तोडते. दुर्जय झालेत चंद्रमोहन, ज्यांच्या डोळ्यांवर तेव्हाचं पब्लिक फिदा होतं. त्या डोळ्यांपुढे भले भले फिके पडत. दुर्गाबाई फिक्या पडत नाहीत. जहाजाच्या तक्त्यावर त्या उभ्या राहतात त्या उभ्या राहण्यातच हुकमत आहे. आवाज चढवावा लागत नाही. सौदामिनी पुरुषांचा सूड घ्यायला निघाली आहे आणि त्या सुडात आपलंच काय काय जळतंय हे तिला हळूहळू कळतं आहे. ही दुहेरी ओढ त्यांनी इतकी नेमकी पकडली आहे की पटकथेतले नाटकी योगायोगही खपून जातात. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

यानंतर पाचच वर्षांनी त्या पडद्यावर सासू झाल्या. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त (१९४१) नायिका वनमाला आणि तिला छळणारी सासू दुर्गाबाई. वय छत्तीस. हिंदी सिनेमातला नायक साठीतही कॉलेजात जाताना आपण पाहिला आहे, म्हणून हे जास्त खटकतं. पण दुर्गाबाईंनी रडगाणं गायलं नाही. नायिकेची वर्षं मोजकी असतात आणि घरखर्चाला वय नसतं, हा हिशेब त्यांनी इतरांच्या आधी केला. भूमिकाही मिळमिळीत नव्हती. या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी आणि पाठोपाठ ‘भरत मिलाप’मधल्या कैकेयीसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. दोन्ही बायका दुष्ट. कैकेयी तर पिढ्यान्‌पिढ्या शिव्या खाणारी. दुर्गाबाई तिला आधी आई करतात, मग कपटी.

चाळिशीनंतर मात्र सिनेमाने त्यांना आईच्या चौकटीत बसवलं आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तिथून फारसं हलू दिलं नाही. ‘मुघल-ए-आझम’मधली (१९६०) जोधाबाई त्यातली सर्वांत गाजलेली. एकीकडे बादशहा नवरा, दुसरीकडे बंडखोर मुलगा. दोघांनाही गर्जायला पानंच्या पानं संवाद आहेत. जोधाला आहे ते मधे उभं राहणं. ते त्या चोख करतात. तरीही सौदामिनी पाहिलेल्याला ही भूमिका अपुरी वाटते, मला तरी वाटते. बाकीच्या आयांबद्दल काय सांगावं! देव्हारा, खोकला, मुलाच्या लग्नाची घाई. ‘बिदाई’साठी (१९७४) सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. अधूनमधून वेगळं काहीतरी यायचं. जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’मध्ये (१९६३) शशी कपूरची लुडबुडी आई करताना त्यांनी जो विनोद केला आहे, तो त्यांच्याकडून पुन्हा का मागितला गेला नाही कोण जाणे. ‘बॉबी’तली मिसेस ब्रगांझाही तशीच हसरी. मूळच्या गोव्याच्या लाडांची लेक गोव्याची ख्रिस्ती आजी झाली, तेव्हा सत्तरीला टेकली होती.

पडद्यावर मिळेना ते त्यांनी रंगभूमीवर मिळवलं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उभ्या राहिल्या तेव्हा सिनेमातली आई घरी ठेवून आल्या. ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई त्यांनी केली. शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चं ‘राजमुकुट’ हे रूपांतर केलं, हर्बर्ट मार्शल यांनी ते बसवलं, त्यात नानासाहेब फाटकांसमोर लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई होत्या. सत्तेची हाव असलेल्या, नवऱ्याला पुढे ढकलणाऱ्या बायका त्यांना शोभत. सिनेमाने त्याचा उपयोग करून घेतला नाही. रंगभूमीशी घरातूनही धागा जुळला. विजया मेहता या आधी त्यांच्या सूनबाई, धाकट्या हरीनच्या पत्नी. हरीन अकाली गेला. या दुःखाबद्दल दुर्गाबाईंनी ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात लिहिलं आहे. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. नटीचं आत्मचरित्र म्हटलं की गॉसिप शोधणाऱ्यांची या पुस्तकात निराशा होईल. पैशांच्या अडचणींबद्दल मात्र त्या मोकळेपणाने बोलतात.

आणि पैशांचा प्रश्न त्यांनी सोडवला तो कॅमेऱ्याच्या मागे जाऊन. तीसच्या दशकातच त्यांनी निर्मितीत हात घातला होता. स्वातंत्र्यानंतर त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट करणारी संस्था काढली. ‘फॅक्ट फिल्म्स’ आणि पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’. साबण-तेलाच्या जाहिराती करणं हे तारामतीला कमीपणाचं आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही. १९८८मध्ये दूरदर्शनवर ‘वागळे की दुनिया’ लागली. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर ही जोडी आणि निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. पगार पुरवून पुरवून वापरणाऱ्या त्या कारकुनाच्या घरात लाखो मराठी घरांनी स्वतःला ओळखलं. मालिकेच्या पाट्यांत दुर्गाबाईंचं नाव वाचणाऱ्या कितीजणांना ते जोधाबाईचंच आहे हे लक्षात आलं असेल?

मानसन्मान रीतसर आले. १९५८मध्ये संगीत नाटक अकादमी, १९६८मध्ये पद्मश्री, १९८३मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा पुरस्कार तारामतीला मिळाला. अखेरची वर्षं त्या अलिबागला राहत होत्या. तिथेच २२ सप्टेंबर १९९१ला त्या गेल्या.

भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’, त्याची एकही प्रत उरली नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र टिकला आहे आणि ‘अमर ज्योति’ही. दुर्गाबाईंचं एकच काम पाहायचं असेल तर जोधाबाईला तूर्त बाजूला ठेवा आणि ‘अमर ज्योति’ पाहा. आवाजात खरखर आहे, गाणी लांबतात, सेटवरचा समुद्र हौदातला वाटतो. पण सौदामिनी मुलासाठी न्याय मागते, तो प्रसंग सोडू नका.