उपसा थांबला, तरच भरणा होतो

रात्रीचे सव्वादोन. नंदाखालच्या एखाद्या वाडीतल्या घरात मोबाइल वाजतो. आजी दचकून उठते. अवेळी फोन वाजला म्हणजे कुणी तरी गेले, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. नातू मात्र अंधारातच लॅपटॉप उघडून बसलेला असतो. दूर कुठल्या तरी देशात ग्राहकांचे ऑनलाइन पैसे भरणे अडकलेले असते आणि या आठवड्यात रात्रीची पाळी त्याची असते. पाऊण तासात काम होते. झोप मात्र उजाडेपर्यंत येत नाही, आणि सकाळी साडेनऊची बैठक काही टळत नाही.

हे कुणा एकाचे उदाहरण नाही. आगाशी, नंदाखाल, बोळिंज, गास, निर्मळ या पट्ट्यातली नवी पिढी मोठ्या संख्येने शिकून बाहेर पडली आणि तिच्यातले बरेच जण संगणकाच्या कामात आहेत. कुणी अंधेरीला जातो, कुणी ऐरोलीला. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटरचे; त्याआधी गावातून स्टेशनपर्यंत रिक्षा किंवा बस. करोनानंतर काहींना घरून काम मिळाले आणि प्रवास वाचला. पण त्याबरोबर कार्यालय आणि घर यांच्यामधली भिंतही गेली.

घरच्यांना न दिसणारे काम

या गावांत कामाचा थकवा डोळ्यांना दिसायचा. पहाटे उठून फुले खुडायची, टोपल्या भरून दादरचा बाजार गाठायचा, केळीला पाणी द्यायचे. संध्याकाळी अंग दुखायचे आणि झोप लागायची. आता मुलगी दिवसभर पंख्याखाली खुर्चीत बसलेली दिसते. मग "घरातच तर आहेस, जरा दळण टाकून ये," असे आई सहज म्हणते. त्यात आईचा दोष नाही. चार जणांशी एकाच वेळी चाललेले संवाद, अर्धवट राहिलेला प्रोग्राम, बैठकीत ऐकावे लागलेले खोचक शब्द, पावसात वीज गेली तर इंटरनेटचे काय, ही धास्ती, यातले तिला काहीच दिसत नाही.

सतत मोडणाऱ्या कामाची किंमत संशोधकांनी तपासली आहे. अमेरिकेतील प्राध्यापक ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कामात वारंवार व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट लवकर संपवले, पण त्यांच्यावरचा ताण, वैताग आणि घाईची भावना वाढलेली आढळली. म्हणजे वरून पाहता काम वेळेत झालेले असते. त्याची किंमत आत कुठे तरी मोजली जाते.

फोन वाजला नाही तरी

'पाळी असली तरी दर वेळी फोन येतोच असे नाही, मग त्रास कसला?' असा प्रश्न व्यवस्थापक विचारतात आणि कर्मचारी स्वतःलाही विचारतात. जर्मनीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ संस्थांमधील १३२ कर्मचारी सहभागी झाले होते. सुटीच्या वेळेतही उपलब्ध राहण्याचे बंधन असलेले दिवस आणि खरोखर मोकळे दिवस यांची त्यात तुलना केली गेली. बंधनाच्या दिवसानंतर सकाळची मनःस्थिती खालावलेली होती आणि कॉर्टिसॉल या ताणाशी जोडलेल्या संप्रेरकाच्या पातळीतही फरक दिसला. कधीही बोलावणे येईल, ही शक्यताच मनाला ताटकळत ठेवते.

यामागचे कारण वसईकराला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. इथल्या वाड्यांमध्ये पूर्वजांनी बावखळे खणली. गोड्या पाण्याची ही तळी पावसाळ्यात भरतात, आसपासच्या विहिरींना पाझर देतात आणि उन्हाळ्यात वाडी जगवतात. रहाटाने पाणी उपसले तरी पुन्हा भरायला अवधी मिळत असे, म्हणून हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालले. पुढे टँकरसाठी विहिरींतून बेसुमार उपसा होऊ लागला तेव्हा समुद्राचे खारे पाणी आत शिरण्याचे संकट उभे राहिले. त्याविरुद्ध हरित वसईची चळवळ झाली आणि तिचे नेतृत्व मूळचे नंदाखालचेच असलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. तक्रार पाणी वापरण्याबद्दल नव्हती. भरायला वेळच न देण्याबद्दल होती.

मनाचेही तसेच आहे. काम केल्याने मन थकते, यात गैर काही नाही. थकवा दिवसाअखेर भरून निघाला पाहिजे. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिन सोनेनटाग यांनी याचा दीर्घ अभ्यास केला आहे. भरून निघण्यासाठी त्या चार गोष्टी महत्त्वाच्या मानतात: मनाने कामापासून सुटणे, विसावा, कामाबाहेरचे काही शिकणे किंवा जमवणे, आणि मोकळा वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे. त्यांनी एक विरोधाभासही दाखवला आहे. ताण सर्वांत जास्त असतो तेव्हाच माणूस फिरायला जाणे, खेळणे, मित्रांना भेटणे बंद करतो. गरज सर्वाधिक असते तेव्हाच भरणा थांबतो.

उपसा असाच चालू राहिला तर पुढची पायरी असते ती कार्यथकव्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. त्याच्या तीन खुणा: अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्याला हे जमत नाही असे वाटू लागणे. शरीरही वेगळे राहत नाही. आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, कामाचा दिवस संपल्याची ठळक खूण ठेवा. उद्याची तीन कामे कागदावर लिहा, लॅपटॉप बंद करून दुसऱ्या खोलीत किंवा कपाटात ठेवा आणि वीस मिनिटे घराबाहेर पडा. प्रवास करणाऱ्याला गाडीत बसल्यावर घर आणि कार्यालय यांच्यात अंतर मिळते. घरून काम करणाऱ्याने ते मुद्दाम निर्माण करावे लागते.

दुसरी गोष्ट, पाळी नसलेल्या दिवसांत कार्यालयाचे संदेश फोनवर बंद ठेवा. शक्य असल्यास पाळीसाठी वेगळा आवाज ठेवा, म्हणजे प्रत्येक टिंग वाजल्यावर छाती धडधडणार नाही.

तिसरी गोष्ट, झोपेची वसुली करा. रात्र मोडली असेल तर सकाळी उशिरा सुरुवात करण्याची परवानगी मागा आणि अर्धवट झोपेत दुचाकी चालवू नका. कॉफीतले कॅफीन शरीरात निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर ती टाळा. झोप यावी म्हणून दारूचा आधार घेऊ नका. तिने डोळा लागतो, पण झोप तुटक होते.

चौथी गोष्ट, आठवड्यातून दोनदा तरी असे काही करा ज्याचा पडद्याशी संबंध नाही. गाण्याचा सराव असो, मैदानावरचा फुटबॉल असो किंवा वाडीतले काम. हाताला माती लागली की मन कामातून लवकर सुटते, असे अनेकांना जाणवते.

मात्र सगळा भार कर्मचाऱ्याच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. बावखळ एकट्याने राखता येत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या कार्यपद्धतीवर पुस्तक काढले. त्यात पाळीचा वेळ एकूण वेळेच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावा आणि बारा तासांच्या पाळीत दोनहून जास्त घटना हाताळाव्या लागू नयेत, अशी मर्यादा सुचवली आहे. बिघाड झाल्यावर माणसाला दोषी न धरता पद्धतीतली चूक शोधावी, यावरही त्यात भर आहे. आपल्या चमूत पाळीच्या रात्री किती फोन आले, याची महिनाभर नोंद ठेवा आणि ती बैठकीत मांडा. 'मला झेपत नाही' यापेक्षा 'या महिन्यात अकरा रात्री मोडल्या' हे वाक्य ऐकून घेतले जाण्याची शक्यता जास्त. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले होते.

मदत केव्हा घ्यावी?

उदासी, निरुत्साह, झोप किंवा भूक बिघडणे, विनाकारण रडू येणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज जाणवत असेल तर तो केवळ कामाचा शीण नसेल. डॉक्टरांना दाखवा. 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत चिंता-नैराश्यासारख्या नेहमी आढळणाऱ्या विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. लोक काय म्हणतील, ही भीती त्यामागच्या कारणांपैकी एक. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटत असेल तर क्षणाचाही विलंब न करता हा क्रमांक फिरवा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून घ्या. आणखी एक माहिती अनेकांना नसते: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. आपली पॉलिसी एकदा काढून पाहा.

आणि आजच करता येईल असे एक सोपे काम. पाळीचा आठवडा कोणता, हे घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात रात्री काय होते, सकाळी डोके का जड असते, ते आई-वडिलांना, आजीला नीट समजावून सांगा. घरच्यांना कळले की दळणाचा डबा दुसरे कुणी तरी उचलते आणि सकाळी दहापर्यंत दारावर कुणी थाप मारत नाही.